माझ्या पोटातली दहाची गाडी

मी डबा बोलतोय. टेबलाखाली भिंतीला पाठ टेकून बसलेला, काळ्या पत्र्याचा, गुडघ्याएवढ्या उंचीचा डबा. दुकानदार मला कॅबिनेट म्हणतात. उरलेलं सगळं जग मला सीपीयू म्हणतं आणि तिथेच माझं डोकं फिरतं. सीपीयू म्हणजे प्रोसेसर. तो माझ्या पोटात असतो, बिस्किटाएवढा. विचार सगळा तो करतो आणि बोलणी मी खातो. "हा सीपीयू फार घरघरतो," असं कुणी म्हटलं की वाटतं, अरे, घरघरतो तो पंखा, तापतो तो प्रोसेसर, मी आपला नुसता घरमालक!

पण एका रविवारपासून मी हा राग सोडून दिला आहे. का सोडला, ते सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही. तोंड मला नाही, पुढच्या बाजूला हवा घ्यायची जाळी आहे, तिच्यातूनच सांगतो.

माझा जन्म कारखान्यातला. मी एक सपाट पत्रा होतो. यंत्रानं एक दणका दिला तेव्हा मला कडा आल्या, दुसऱ्या दणक्यात भोकं पडली, मग काळा रंग बसला आणि मी भट्टीतून कडक होऊन बाहेर आलो. लहानपणीचं मला एवढंच आठवतं. माझ्याबरोबरचे काही भाऊ काचेच्या दाराचे निघाले, आत दिवे लावून मिरवणारे. मी साधा. माझी दोन्ही दारं पत्र्याची, त्यामुळे पोटात काय चाललंय ते बाहेर कळत नाही. माणसांत याला गुण म्हणतात, डब्यात मात्र कुणी म्हणत नाही.

मला घरी आणलं लेकीनं. ही लेक दात बनवते. ती दातांची डॉक्टर नव्हे. डॉक्टर पेशंटच्या तोंडाचा साचा पाठवतात आणि ही लॅबमध्ये बसून त्यावरून कवळ्या आणि कॅप घडवते. तिच्या धंद्याचा एक नियम आहे: कुठलीही वस्तू पक्की करायच्या आधी ती मेणाची करून बसवून बघायची. तो नियम तिच्या हाडात असा मुरलाय की घरात नवं कपाट आणायचं ठरलं तेव्हा तिनं आधी पुठ्ठ्याचं कपाट उभं केलं आणि चार दिवस सगळ्यांना त्याला वळसा घालून चालायला लावलं.

माझ्या जोरावर तिनं दातांचे नकाशे काढले. दोन वर्षं मजेत गेली. मग लॅबनं स्वतःची मोठी यंत्रं घेतली आणि मी घरी कोपऱ्यात पडलो. तिच्या आईनं माझ्यासाठी झालरीचा अभ्रा शिवला. तिचा हेतू चांगला होता, पण माझी जाळी झाकली गेली आणि डोक्यावर पाण्याच्या बाटल्या आल्या. पुढची दीड-दोन वर्षं मी काहीही केलं नाही. धूळ मात्र भरपूर खाल्ली.

मला त्यातून बाहेर काढलं बाबांनी.

बाबा म्हणजे लेकीचे वडील. एकतीस वर्षं बस चालवली. निवृत्त झाले तेव्हा डावा गुडघा क्लच दाबून दाबून कामातून गेला होता. घरी बसून पहिल्या महिन्यात त्यांनी घरातल्या सगळ्या दारांना तेल घातलं, दुसऱ्या महिन्यात कुणाचं दार कुरकुरतं ते शोधत शेजारी गेले. तिसऱ्या महिन्यात आई लेकीला म्हणाली, यांना कशात तरी गुंतव, नाहीतर मीच नोकरी धरते. मग लेकीनं माझा अभ्रा काढला, फुंकर मारली आणि बस चालवायचा एक गेम आत घातला. टेबलाला खेळण्यातलं स्टेअरिंग आवळलं, खाली माझ्या शेजारी तीन पेडल ठेवली.

बाबांनी पहिल्याच दिवशी गेमला नावं ठेवली. आरसे चुकीचे लावलेत, हॉर्न बकरीसारखा आहे, असल्या उताराला कुणी चौथा गियर टाकतं का? आणि हे सगळं म्हणत म्हणत अडीच तास उठले नाहीत. त्या दिवसापासून आमची गट्टी जमली. पडदा मला दिसत नाही, तो टेबलाच्या वर असतो. पण पडद्यावर जे दिसतं ते आधी माझ्या पोटातून जातं. त्यामुळे बाबांनी चालवलेला प्रत्येक रस्ता मला आतून पाठ आहे.

आता बेलकाकांबद्दल सांगायलाच हवं. ते बाबांचे कंडक्टर. बावीस वर्षं एकाच गाडीवर दोघं होते. बाबा त्यांना मास्तर म्हणायचे आणि लेक लहानपणापासून बेलकाका म्हणायची. बसची भाषा साधी असते: एक बेल म्हणजे थांबा, दोन म्हणजे निघा. बावीस वर्षांत बाबांनी दोन बेल ऐकल्याशिवाय गाडी हलवली नाही, आणि बेलकाकांनी पळत येणारा प्रवासी टाकून कधी दोन बेल दिल्या नाहीत. यावरून दोघांचं रोज वाजायचं. बाबांना वेळ पाळायची असायची, काकांना माणूस. लांब कोपऱ्यावर कुणी पिशवी सांभाळत धावताना दिसलं की काका दाराशी हात वर करून उभे राहायचे आणि बाबा पुढे बसून घड्याळाकडे बघत दात खायचे.

निवृत्तीनंतर काका मुलाकडे दुसऱ्या गावी गेले. गेल्या वर्षी त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवं अंग गेलं आणि वाचाही गेली. बाबा दर आठवड्याला फोन करायचे, त्यांची सूनबाई तो काकांच्या कानाला लावायची. बाबा हवेबद्दल बोलायचे, गुडघ्याबद्दल बोलायचे. पलीकडून फक्त श्वास ऐकू यायचा. फोन ठेवल्यावर बाबा बराच वेळ स्टेअरिंगवर हात ठेवून बसायचे, मला चालू न करता. डॉक्टरांनाही नीट सांगता येत नव्हतं की काकांना समजतं किती. ओळखतात का, की नुसते बघतात? बाबांना नेमकं तेच खात होतं.

अशात त्या गेमची नवी आवृत्ती आली. तिच्यात एक सोय होती: दुसऱ्या घरी बसलेला माणूस त्याच बसमध्ये कंडक्टर म्हणून चढू शकतो. मागच्या दाराशी उभा राहतो, प्रवासी बघतो आणि एक बटण दाबलं की बेल वाजते.

लेकीनं हे वाचून दाखवलं तेव्हा बाबा खुर्चीतून असे उठले की गुडघ्याला दुखायचं सुचलंच नाही. त्यांनी तिथल्या तिथे सूनबाईला फोन लावला. तिच्याकडे ऑफिसचा नवाकोरा संगणक होता. ती म्हणाली, डावा हात चालतो त्यांचा, अंगठ्यानं बटण दाबता येईल, पण उगाच आशा लावून घेऊ नका. रविवारी सकाळी मी घरी असते, तेव्हा बसवून बघू. बाबांनी सांगून टाकलं, "रविवारी दहाची गाडी. मास्तरांना सांग, दहाला सुटणार."

एवढं बोलून झाल्यावर लेकीनं नवी आवृत्ती माझ्यात घालायला घेतली. पडद्यावर एक ओळ आली: हे यंत्र या खेळासाठी पुरेसं नाही. खोटं कशाला बोलू, मला लाज वाटली. माझ्या पोटातला प्रोसेसर सात वर्षांचा, ग्राफिक्स कार्ड त्याच्याच वयाचं. तो सोमवार होता. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग म्हणतात ना, तसं आमच्या बाबांचं झालं होतं, गुडघा दुखत असूनही.

मंगळवारी मला गाडीच्या मागच्या सीटवर बसवून पट्टा लावला आणि दुकानात नेलं. लेक चालवत होती, बाबा शेजारी बसून नसलेला ब्रेक दाबत होते. दुकान म्हणजे एक लांबट खोली, दोन्ही भिंतींवर छतापर्यंत खोकी. दुकानदार उत्साही माणूस. त्यानं मला उघडलं, आत बघून "अरे वा, जुनी मंडळी" म्हणाला आणि मग समजावून सांगितलं. चित्र रंगवायचं काम ग्राफिक्स कार्डाचं: रस्ता, झाडं, ऊन, सावल्या. आणि गेममधली हलणारी दुनिया चालवायचं काम प्रोसेसरचं.

लेकीनं आधीच सांगितलं होतं की सध्या एकच मोठी वस्तू घेता येईल. बाबांनी भिंतीवरच्या पडद्यावर डोंगरातला घाट बघितला. ओल्या रस्त्यावर गाडीच्या दिव्यांचं प्रतिबिंब पडत होतं. त्यांचं मन तिथेच बसलं. ते चित्र काढणारं कार्ड दुकानदारानं काचेतून बाहेर काढलं: तीन पंख्यांचं, विटेएवढं, कडेला निळा दिवा. मला आत घुसमटल्यासारखं झालं. हे माझ्यात मावणार?

हीच शंका लेकीला आली. "आणि प्रोसेसर?" तिनं जाता जाता विचारलं. जुना चालेल ना?

दुकानदार म्हणाला, "चालायला चालेल."

हे दोन शब्द लक्षात ठेवा. एकतीस वर्षं डेपोतल्या मेकॅनिकांशी बोललेल्या माणसानं ते ऐकले आणि सोडून दिले, याचं मला अजून नवल वाटतं.

बुधवारी लेक लॅबमधून काय घेऊन आली असेल? प्लास्टरचं ग्राफिक्स कार्ड! कवळीचे साचे ज्या पिवळ्या प्लास्टरमध्ये ओततात त्यातच तिनं दुकानातून आणलेल्या मापांनुसार अख्खं कार्ड ओतलं होतं, तिन्ही पंख्यांच्या गोल खड्ड्यांसकट, कडा घासून गुळगुळीत केलेलं. तारेची जागाही सोडली होती. मला आडवं झोपवून तिनं ते दोन बोटांनी आत सरकवलं, डोळा बारीक करून फट बघितली, तिथे निळा कागद लावून कुठे घासतंय का तेही पाहिलं. घासत नव्हतं. माझं दार लागलं. बाबा म्हणाले, कवळी छान बसलीय हो, आता चावून बघा. आई हसता हसता चहा सांडणार होती.

आणि त्या हसण्यात प्रोसेसरचा विषय कुणी काढलाच नाही.

संध्याकाळी खरं कार्ड आलं. माझ्या पोटात निळा उजेड पडला, साध्या डब्याच्या नशिबात नसलेला. खोटं बोलत नाही, मी हरखलो. नवी आवृत्ती सुरू झाली. रिकाम्या रस्त्यावर बाबांनी घाट घेतला आणि लगेच मागे फिरून तोच पुन्हा घेतला. आई ओट्यावरचं काम टाकून बघायला आली. लेक टाळ्या वाजवत होती. जुना प्रोसेसरही बिचारा जीव तोडून पळत होता.

मग बाबांनी गाडी बसस्थानकात घेतली. तिथे फलाटावर माणसं होती. दहा चढली, वीस चढली, मागून आणखी गाड्या आल्या, आणि सगळं अडखळायला लागलं. चित्र थांबायचं, उडी मारायचं, पुन्हा थांबायचं. बाबांनी ब्रेक दाबला तर गाडी दोन क्षणांनी थांबली, तोवर फलाटावर चढलेली. नवं कार्ड निम्मा वेळ हात बांधून बसलं होतं. मला आतून सगळं दिसत होतं. जुना प्रोसेसर एकेका माणसाला पाऊल टाकायला लावता लावता मेटाकुटीला आला होता आणि कार्ड विचारत होतं, पुढचं काय रंगवू?

लेकीनं सेटिंगमध्ये जाऊन 'प्रवासी' असं लिहिलेली पट्टी ओढून शून्यावर आणली. फलाट रिकामा झाला. गाडी लोण्यासारखी चालायला लागली. जमलं की, ती म्हणाली.

बाबांनी गाडी बाजूला घेतली, हँडब्रेक ओढला. त्यांचा आवाज अगदी शांत होता. "रिकाम्या गाडीत कंडक्टरचं काय काम, बाळ?"

बाबाच पुढे बोलत राहिले. गाडी मोकळी असताना पळते आणि माणसं चढली की धापा टाकते, तेव्हा दोष रंगाचा नसतो, टायरचाही नसतो. इंजिन थकलेलं असतं. आणि डेपोत एखादा मेकॅनिक चालायला चालेल म्हणाला की आम्ही गाडी बाहेर काढत नव्हतो. मी काल घाट बघत बसलो, गाढवपणा माझा.

लेकीनं डोक्याला हात लावला. म्हणाली, माझाही. आमच्याकडे माणसं येतात, समोरचे चार दात फक्कड करून मागतात, हसायला. मी त्यांना रोज सांगते की बाबांनो, चावतात त्या दाढा, आधी दाढांचं बघा. आणि घरात मीच समोरचे दात बसवून मोकळी झाले.

आता ते विटेएवढं कार्ड परत कसं करायचं, इथे घोडं अडलं. उघडलेल्या खोक्यातला माल दुकानदार सहसा परत घेत नाहीत. पण आमच्या घरात आई आहे. तिनं आजवर एकही खोकं फेकलेलं नाही. माळ्यावर इस्त्रीचं खोकं आहे, ती इस्त्री बिघडून चार वर्षं झाली तरी. शुक्रवारी सकाळी तिनं कार्डाचं खोकं आणून टेबलावर ठेवलं: आतली चंदेरी पिशवी, पंख्यांवरची पातळ चिकटपट्टीसुद्धा वहीच्या पुठ्ठ्यावर नीट चिकटवून ठेवलेली, तारेला बांधलेली काळी दोरी गुंडाळून. मला म्हणता ना अडगळ जमवते, एवढंच ती बोलली. लेकीनं तिला मिठी मारली.

दुकानदारानं खोकं उलटसुलट करून पाहिलं आणि त्याच्याकडे नाही म्हणायला काही उरलं नाही. यावेळी बाबा भिंतीवरच्या घाटाकडे पाठ करून बसले. त्यांनी एकच प्रश्न विचारला: भरल्या स्थानकात, साठ माणसं आणि आठ गाड्या असताना कुठली जोडी अडखळणार नाही? दुकानदारानं प्रथमच खुर्ची ओढली. त्यानं सांगितलं की मग जोड सारखी हवी. कार्ड मधलं घ्या, दोन पंख्यांचं, दिवा नसलेलं. घाट थोडा कमी चकाकेल. त्यातून उरेल ते सगळं प्रोसेसरवर घाला. आणि तुमचं नशीब चांगलं, नव्या प्रोसेसरची बैठक तुमच्या जुन्या मदरबोर्डावर, म्हणजे सगळे भाग जोडलेले असतात त्या बोर्डावर बसते, बोर्ड बदलायला नको.

फक्त एक अट होती, आणि ती ऐकून मी आतून हललो. जुन्या बोर्डाला नवा प्रोसेसर ओळखता येत नाही. त्याला आधी शिकवावं लागतं. ते शिकवणं जुना प्रोसेसर जागेवर बसलेला असतानाच करायचं. म्हणजे जाणाऱ्यानंच येणाऱ्याची ओळख करून द्यायची आणि मग उठायचं. या शिकवणीत मध्येच वीज गेली तर बोर्ड कायमचा मुका होतो. दुकानदार म्हणाला, मी करून देतो, पण माझ्याकडे रांग आहे, मंगळवार उजाडेल. लेक म्हणाली, मंगळवार नको, कृती लिहून द्या.

शनिवार दुपार. आमच्या घराची वीज तशी तोऱ्याची. धुण्याचं यंत्र आणि इस्त्री एकदम लागली की मुख्य खटका पडतो. बाबांनी खुर्ची उचलून थेट त्या खटक्याखाली मांडली आणि हाताची घडी घालून बसले. आईला ताकीद मिळाली की घरात कुठलंही बटण दाबायचं नाही. आई म्हणाली, दाराची घंटी वाजली तर? बाबा म्हणाले, वाजू दे, पाहुणा थांबेल.

लेकीनं सुरुवात केली. पडद्यावर एक पट्टी भरत जाते, एवढंच बाहेर दिसत होतं. आत मात्र मी ऐकत होतो. सात वर्षांचा तो प्रोसेसर, ज्याच्या नावानं मी आयुष्यभर हाका ऐकल्या, बोर्डाला एकेक ओळ समजावत होता: उद्या जो येईल त्याची चाल अशी आहे, त्याला वीज एवढी लागते, त्याला अडवू नकोस. एकदाही अडखळला नाही. त्या दिवशी मला त्याच्याबद्दल जे वाटलं, ते आधी वाटायला हवं होतं.

पट्टी भरली. जीव भांड्यात पडला. लेकीनं वीज बंद केली, खटका सोडून बाबा आले, आणि जुना प्रोसेसर तिनं दोन बोटांत अलगद उचलला. नव्याला बसवून त्याच्या पाठीवर उष्णता वाहून नेणारी पेस्ट मटाराच्या दाण्याएवढी ठेवली, लॅबमधल्या पात्यानं सारखी केली. नवं कार्ड बसलं. यावेळी प्लास्टरचं मॉडेल करायला वेळ नव्हता, तिनं नुसतं नजरेनं मापलं आणि दहा वेळा मापलं. मी चालू झालो. बोर्डानं नव्याला पहिल्या हाकेत ओळखलं. जुना गेला एका कवळीच्या डबीत, कापसावर, आणि ती डबी आईनं आपल्या ताब्यात घेतली.

स्थानकात साठ माणसं भरून बाबांनी गाडी चार वेळा आतबाहेर काढली. एकदाही अडखळली नाही. ते माझ्या डोक्यावर थाप मारून म्हणाले, शाबास रे सीपीयू. मी ऐकून घेतलं.

रविवारी पावणेदहाला बाबा दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून खुर्चीत बसले. लेकीनं फोन मोठ्या आवाजावर ठेवला. पलीकडे सूनबाईनं काकांना पडद्यासमोर बसवलं होतं, डावा अंगठा बटणावर. माझ्या पोटात बसच्या मागच्या दाराशी एक कंडक्टर उभा राहिला. बाबा म्हणाले, "मास्तर, मी आलोय." पलीकडून तोच श्वास.

स्थानकात प्रवासी चढत होते. एकेक पाऊल, एकेक पिशवी. नवा प्रोसेसर सगळ्यांना सांभाळून चढवत होता. दहा वाजले. शेवटचा माणूस आत आला, दार मोकळं झालं. बाबांनी पहिला गियर टाकला, क्लचवर पाय ठेवला आणि थांबले.

बेल वाजली नाही.

दहा वाजून एक मिनिट झालं. लेकीला वाटलं मी अडकलो. तिनं वाकून माझ्याकडे बघितलं. मी कुठे अडकतोय, माझे दोन्ही पंखे चालू होते! आई हळूच म्हणाली, तुम्हीच सोडा आता गाडी, त्यांना नाही जमणार. बाबांनी मान हलवली. दुखऱ्या गुडघ्यानं त्यांनी माझ्या शेजारचा क्लच तसाच दाबून धरला. तेवढ्यात फोनमधून सूनबाईचा आवाज आला, रडवेला. "त्यांनी अंगठा उचललाय बटणावरून. हात वर केलाय. नको म्हणतायत बहुतेक. राहू द्या, त्यांना त्रास होतोय."

"हात कसा केलाय?" बाबांनी विचारलं.

"तळवा पुढे करून."

बाबा सरसावून बसले आणि त्यांनी डाव्या आरशात बघितलं. मला तर ते मघापासून ठाऊक होतं, पण मला कोण विचारतो? स्थानकाच्या लांबच्या कोपऱ्यावरून एक बाई पळत येत होती. खरी बाई नव्हे, माझ्या प्रोसेसरनं चालवलेली, साठांमधली एक. एका हातात पिशवी, दुसरा हात वर. बाबांच्या जागेवरून ती आरशाशिवाय दिसली नसती. मागच्या दारातून दिसत होती.

बाबा हसायला लागले. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते हसत होते. म्हणाले, "नको म्हणत नाहीत गं ते. थांब म्हणतायत मला."

बाई आली. पायरी चढली. आत गेली.

आणि मग माझ्या पोटातून, नव्या प्रोसेसरमधून, बोर्डावरून, तारेतून, टेबलावरच्या छोट्या स्पीकरपर्यंत बेल गेली. टण. टण. दोन्ही स्वच्छ, मध्ये बरोबर तेवढंच अंतर, बावीस वर्षं होतं तेवढं.

"दोन मिनिटं उशीर केलात मास्तर," बाबा म्हणाले आणि क्लच सोडला. पलीकडून श्वासाऐवजी एक घोगरा आवाज आला. शब्द नव्हता. पण सूनबाई ओरडली की ते हसतायत.

तर असा मी सध्या आहे. अंगावर अभ्रा नाही, खाली आईनं दिलेला लाकडी पाट आहे, पोटात दिवा नाही. दर रविवारी दहाला आमची गाडी सुटते आणि दर रविवारी उशिरा सुटते, कारण काका कुणा ना कुणासाठी थांबवतात. बाबा दात खातात. घाट म्हणावा तितका चकाकत नाही, त्याबद्दल अजून कुणी तक्रार केलेली नाही.

तुमच्या टेबलाखालीही माझ्यासारखा एखादा असेल. त्याची जाळी पुसत जा. त्याच्या पोटात नवं काही घालायला निघालात तर काय चकाकतं ते मागाहून बघा, आधी ठरवा की गाडीत कोणाला बसवायचंय. आणि त्याला सीपीयू म्हणायचं असेल तर खुशाल म्हणा. ज्यानं जाता जाता येणाऱ्याची वाट मोकळी केली, त्याच्या नावानं हाक आली तर आता मी ओ देतो.

एवढंच सांगायचं होतं. दहा वाजून गेले आहेत, कोपऱ्यावरून पळत येणारी मंडळीही चढून झाली. दोन बेल ऐकू आल्या. येतो मी.